उघड्या दारातला साक्षीदार

९ सप्टेंबर २००५. एकशे पासष्ट लिरा. तातडीच्या लग्नपरवान्याचे हे शुल्क मी नगरपालिकेच्या खजिन्यात जमा करून घेतले, पावती फाडली आणि खिडकीतून त्या मुलीच्या हाती दिली. तिने पावतीची घडी करून पासपोर्टात ठेवली. ती सारखी रस्त्याकडे बघत होती. लग्नाच्या दिवशी बऱ्याच जणी तशा बघतात, म्हणून मी तिकडे लक्ष दिले नाही. त्यानंतर तासाभरात आमच्या कचेरीच्या व्हरांड्यात रक्त सांडले. ते हांबीसचे होते, आणि ही हकीकत त्याचीच आहे.

हांबीस खाटीक. नगरपालिकेच्या दारातून बाहेर पडून रस्ता ओलांडला की त्याचे दुकान. उंची बेताची, मान जाड, आणि डाव्या भुवईत एक जुना व्रण. तो व्रण तुरुंगातला. तुरुंगात तो का गेला हे आमच्या गावात प्रत्येकाला माहीत होते, आणि तो स्वतःही कधी लपवत नसे.

त्याचे मूळ गाव सायप्रसच्या मधल्या मेसाओरिया मैदानात, आता तुर्की फौजेने घातलेल्या कुंपणापलीकडे. तिथे त्याची बहीण ख्रिस्टालू नियाझी नावाच्या एका तुर्क मुलाच्या प्रेमात पडली. हे १९६२ सालचे. त्या काळी आमच्या बेटावर इंग्रज खलाशी सरकारी कचेरीत जाऊन सहीनिशी लग्न करू शकत होता, जर्मन प्रवासी करू शकत होता. पण बेटावर जन्मलेल्या ख्रिस्ती मुलीला लग्न करायचे तर ते चर्चमध्येच, आणि पाद्री तर नियाझीला पायरीही चढू देणार नव्हता. तेव्हा त्या दोघांनी ठरवले की लिमासोलहून बोट धरायची, लंडनला जायचे आणि तिथल्या कचेरीत लग्न लावायचे.

हांबीस तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि मामाच्या मटणाच्या दुकानात कापायला शिकत होता. बापाने त्याला काही सांगितले नाही. नुसता सत्तूर ओंडक्यावर ठेवला आणि बाहेर जाऊन बसला. हांबीसने त्या दोघांना बसच्या थांब्यावर गाठले. सत्तूर नियाझीवर उगारला होता, पण मध्ये बहिणीने हात घातला. हात मनगटाच्या वर तुटला. ती मालवाहू मोटारीच्या मागच्या फळीवर, डोके नियाझीच्या मांडीवर ठेवून, निकोसियाच्या इस्पितळाच्या वाटेवरच मेली. नियाझीचा खांदाही चिरला होता, तो जगला. हांबीस आठ वर्षे आत होता.

तो सुटून आला त्या दिवशी गावाने त्याला कॉफीच्या दुकानात नेले. टेबलावर झिवानिया, आमची द्राक्षाची दारू, ठेवली, मेंढी कापली, बापाच्या वयाच्या माणसांनी पाठ थोपटली. हांबीस मला म्हणाला होता, "खजांची, तुरुंगात मला कुणी काही बोललं नाही. पण त्या दिवशी त्यांनी जे पाजलं ना, ते आजपर्यंत उतरलेलं नाही." त्या दिवशी तो त्या टेबलावरून उठला आणि मागच्या अंगणात जाऊन ओकला. चार वर्षांनी तुर्की फौज उतरली, लढाई आली, गाव गेले, कॉफीचे दुकान गेले, बाप पळताना रस्त्यात बॉम्बखाली सापडला. हांबीस एक सुऱ्यांची पेटी घेऊन आमच्या गावात आला, आणि इथलाच झाला.

आमच्याकडे परदेशी जोडपी लग्नाला येतात. इंग्रज येतात ते समुद्रासाठी. पण बैरूतची माणसे निराळ्या कारणाने येतात. तिकडे लग्न फक्त धर्मगुरू लावतो. नवरा एका धर्माचा आणि नवरी दुसऱ्या धर्माची असेल, तर त्यांना त्यांच्या देशात दारच नाही. मात्र इथून शिक्क्याचा कागद नेला की तोच देश त्यांना नवरा-बायको म्हणून नोंदवून घेतो. विमानाने पाऊण तासाचा प्रवास. सकाळी यायचे, पासपोर्ट आणि अविवाहित असल्याचा दाखला दाखवायचा, आमच्यासमोर शपथ घ्यायची, आणि संध्याकाळी लग्न झालेले होऊन परत जायचे. समारंभ कुठे हवा ते निवडता येते. कचेरीतले सभागृह फुकट. हॉटेलची बाग किंवा समुद्रकाठचा मांडव हवा असेल तर पैसे वेगळे. कोणताही प्रकार निवडा, दोन गोष्टी चुकत नाहीत. दोन साक्षीदार समोर हवेत, आणि लग्न सभागृहात असेल तर दार उघडे हवे. रस्त्यावरच्या कुणालाही आत येऊन हरकत घेता आली पाहिजे, बंद दाराआडचे लग्न ते लग्नच नव्हे, ही इंग्रजांच्या वेळची रीत. आमच्या निबंधक एव्हान्थियाबाईंनी ती कधी मोडली नव्हती. हिवाळ्यात वाऱ्याने कागद उडायचे, तरी त्या दाराला दगड लावून ठेवायच्या.

बैरूतची जोडपी एकटीच येत. साक्षीदार कुठून आणणार? मग आमचा शिपाई खिडकीतून ओरडायचा, "हांबीस, एक लग्न!" टॅक्सीवाला तूलीस सहीचे पाच लिरा घेई. फुलवाली तीन घेई आणि फुले गळ्यात मारी. हांबीस काही घेत नसे. तो कोपरापर्यंत हात धुवायचा, मांस टांगायच्या आकड्यांच्या शेवटी अडकवलेला काळा कोट चढवायचा आणि रस्ता ओलांडून यायचा. आमच्यात लग्नाला साथीदार म्हणून उभा राहतो तो कुंबारो. ते नाते रक्ताइतकेच धरतात. कुंबारोच्या घरी मयत झाले तर खांदा द्यायला जावेच लागते. तूलीसच्या लेखी परक्या जोडप्याच्या कागदावरची सही म्हणजे सही. हांबीसच्या लेखी ते कुंबारोपणच होते. कुणाचे नाव विचारले तर त्याला सगळी आठवत. तूलीस त्याला चिडवायचा, "एवढे सोयरे झालेत तुझे, पुढची निवडणूक तू बैरूतमधूनच लढव." हांबीस म्हणायचा, "लढवीन. तुला निवडून आणायला तुझी बायकोसुद्धा मत देणार नाही."

त्या शुक्रवारची मुलगी मिर्ना. डोंगरातल्या मारोनी ख्रिस्ती घरातली, शाळेत शिकवणारी. मुलगा वफीक, किनाऱ्यावरच्या शहरातला, सुन्नी मुसलमान, औषधांच्या दुकानात नोकरी. त्यांनी समुद्रकाठचा मांडव घेतला होता. वेळ अकराची. गाडीला पांढरी फीत लावून तूलीस बाहेर उभा होता.

चूक तिच्या गावात झाली होती. अविवाहित असल्याच्या दाखल्याच्या अर्जावर आपल्या गावच्या मुखत्याराची, म्हणजे गावप्रमुखाची, सही लागते. शहाणी मुले शहरातल्या कुणा अनोळखी मुखत्याराला चार पैसे देऊन ते काम करून घेतात. मिर्ना आपल्याच गावच्या मुखत्याराकडे गेली, कारण लहानपणी त्याच्या अंगणात ती खेळली होती आणि त्याला काका म्हणत होती. त्याने सही केली, तिला बदाम दिले, आणि संध्याकाळी अरक पिताना तिच्या बापाला विचारले, "पोरगी सायप्रसला कशाला चाललीये?" दाखला कशासाठी लागतो हे तिकडे शेंबड्या पोरालाही कळते. बापाने त्याच रात्री पट्ट्याने तिला झोडपले आणि एका चुलत नातलगाशी तिचा साखरपुडा रविवारी ठरवून टाकला. शुक्रवारी सकाळी ती शाळेला म्हणून निघाली ती विमानतळावर. तिच्या भावाला, शर्बेलला, दुसऱ्या विमानात जागा मिळाली; पळून आलेली जोडपी कुठल्या नगरपालिकेत जातात हेही तिकडे सगळ्यांना ठाऊक.

त्यापुढचे मला हांबीसने सांगितले, आणि नंतर कोर्टातही त्याने तेच सांगितले.

साडेदहाच्या सुमारास एक तरुण दुकानात आला. इस्त्रीचा सदरा, चकचकीत बूट, हातात पिशवी नाही. टांगलेल्या मांसाकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही. काचेतून नगरपालिकेचे दार आणि फीत लावलेली गाडी बघत राहिला. हांबीस धंद्यापुरते इंग्रजी बोलायचा, त्या तरुणालाही तेवढेच येत होते.

"बोकडाचं देऊ की डुकराचं?" हांबीसने विचारले.

"सुरी पाहिजे."

"सुरी मी विकत नाही पोरा. मांस विकतो."

"मग बाजूच्या दुकानात मिळेल."

बाजूला लोखंडी सामानाचे दुकान होते. तिथे नव्या, कागदात गुंडाळलेल्या, टोकदार सुऱ्या भिंतीला ओळीने लावलेल्या. हांबीसने त्याच्याकडे नीट पाहिले. तो मला म्हणाला, आरशात बघितल्यासारखं वाटलं, फक्त कपडे बरे होते. नाही म्हटले तर हा दोन पावलांवरून धारदार पाते घेऊन येईल. त्याने पेटीतून हाडे सोलायची एक जुनी सुरी काढली. वर्षानुवर्षे सळईवर घासून तिचे पाते बोटाएवढे अरुंद झाले होते, धार बसली होती आणि मुठीजवळ बारीक चीर गेली होती. वांगे कापतानासुद्धा ती दमली असती.

"साडेचार लिरा."

त्या तरुणाकडे शंभर डॉलरची नोट होती. हांबीस म्हणाला, सुटे नाहीत. "परत आलास की दे."

"परत येईन की नाही माहीत नाही."

"मग उधार."

हांबीसने कॉफीचे भांडे शेगडीवर ठेवले. त्याला वेळ काढायचा होता. विचारले, "बहीण आहे ना ती?"

"तुला काय करायचंय?"

"मलाही होती. अशीच निघाली होती, लग्नाला, परदेशी. मी मारली. या हाताने."

शर्बेलने पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यात बघितले. म्हणाला, "म्हणजे तुला कळतंय."

"कळतंय, म्हणून सांगतो. बस. कॉफी घे."

"कळतंय तर मग मध्ये पडू नकोस, काका." त्याने सुरी वर्तमानपत्रात गुंडाळली, दुकानाच्या पायरीवर जाऊन उभा राहिला आणि सिगरेट पेटवली. वधूवर बाहेर पडून गाडीत बसतील तेव्हा गाठायचे, असा त्याचा बेत होता.

हांबीस मागच्या दाराने बाहेर पडला आणि गल्लीतून वळसा घालून आमच्या कचेरीच्या अंगणातल्या दाराने आत आला. अंगावर रबरी एप्रन तसाच, कोट नाही, हात न धुतलेले. माझ्या खिडकीशी येऊन म्हणाला, "खजांची, पोलिसांना फोन कर. पोरीचा भाऊ आलाय. सुरी आहे त्याच्याकडे."

"तुला कसं कळलं?"

"मीच दिलीये."

मी फोन लावला. ठाण्यातला हवालदार म्हणाला, महामार्गावर दोन मालमोटारी आदळल्यात, गाडी तिकडे गेलीय, परतली की पाठवतो. हांबीस तोवर सभागृहात गेला होता. मी मागोमाग गेलो. भावाचे वर्णन ऐकताच मिर्नाने त्याचे नाव घेतले आणि खुर्ची ओढून बसली. वफीक तिच्यापुढे जाऊन उभा राहिला आणि खिडकीतून बाहेर बघायला लागला. हांबीसने त्याला मानेला धरून मागे ओढले.

एव्हान्थियाबाईंनी दार लावून घेतले आणि कडी घातली. मांडव रद्द, त्या म्हणाल्या, पोलीस येईपर्यंत सगळ्यांनी इथेच बसायचे, आणि लग्न सोमवारी. परवाना सोमवारीही चालतो.

मिर्ना म्हणाली, सोमवारी मी नसेन. पोलीस भावाला पकडतील, तासाभरात सोडतील, कारण त्याने अजून काही केलेले नाही. मग बाप येईल, काका येतील. वकिलातीतले लोक येऊन म्हणतील, मुलगी आपल्या घरी जाऊ दे. आणि कागदावर मी अजून बापाचीच मुलगी. तिच्या देशात मुलीचे नाव बापाच्या खातेपानावर असते, लग्नानंतर ते नवऱ्याच्या पानावर जाते. ती म्हणाली, "एकदा माझं नाव तिथून निघालं की त्यांना मला मारता येईल. पण परत नेता येणार नाही."

हे ती इतक्या साधेपणाने बोलली की वफीकने मान खाली घातली.

"मग आत्ता लावा," तो म्हणाला.

"बंद दारात मी लग्न लावत नाही," एव्हान्थियाबाई म्हणाल्या. "लावलं तरी ते टिकणार नाही. उद्या तिच्या बापाचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल, दार उघडं होतं का. इथे पाच माणसं शपथेवर खोटं बोलणार आहेत का?"

 मग मिर्ना उठली. तिने ओढणीने तोंड पुसले आणि म्हणाली, "दार उघडा."

तूलीसला बोलवायला शिपाई मघाशीच गेला होता. तो एकटाच परत आला. सुरीचे नाव ऐकताच तूलीस गाडी घेऊन निघून गेला होता, पांढऱ्या फितीसकट. तेव्हा दुसरा साक्षीदार मी झालो.

हांबीसने कडी काढली, दोन्ही फळ्या उघडल्या, नेहमीचा दगड पायाने सरकवला, आणि स्वतः उंबऱ्यात उभा राहिला. दोन्ही हातांनी चौकटीच्या दोन्ही बाजू धरल्या. त्याच्या अंगाने ते दार जवळजवळ भरून गेले होते. तोंड व्हरांड्याकडे.

एव्हान्थियाबाई म्हणाल्या, "हांबीस, साक्षीदाराने वधूवरांना बघायला हवं."

"ऐकू येतंय मला."

"ऐकून चालत नाही."

मला त्या क्षणी त्या बाईचा राग आला होता. आज नाही.  हांबीस आमच्याकडे वळला, आणि पाठ व्हरांड्याला केली. हात पुन्हा चौकटीला.

गाडी फितीसकट निघून गेलेली शर्बेलने पायरीवरून पाहिली होती. आत कुणी बसलेले नव्हते, म्हणजे दोघे अजून इथेच आहेत, हे त्याला कळले. एव्हान्थियाबाईंनी इंग्रजीतला मजकूर वाचायला सुरुवात केली आणि व्हरांड्यात बुटांचा आवाज आला. शिपाई कुणाला तरी थांबवत होता, मग शिपाई किंचाळला आणि काहीतरी पडले. नंतर कळले की त्याच्या दातावर कोपर बसले होते. हांबीसच्या खांद्यावरून मला इस्त्रीचा सदरा दिसला.

"बाजूला हो," शर्बेल म्हणाला.

हांबीस हलला नाही. मिर्नाकडे बघत राहिला.

पहिला वार खांद्याच्या फऱ्यावर बसला. रबरी एप्रन पाठीला नसतो, तिथे नुसता सदरा होता. हाड लागल्याचा आवाज मी ऐकला; ओंडक्यावर ऐकू येतो तोच. हांबीसच्या तोंडातून हवा बाहेर पडली, पण त्याने चौकट सोडली नाही. दुसरा वार त्याच जागी. पाते वाकले आणि टोक आतच मोडले. एव्हान्थियाबाईंचा आवाज थांबला नाही, उलट चढला, जणू पलीकडच्या खोलीतल्या माणसाला ऐकू जावे. वफीकला विचारले, त्याने हो म्हटले. त्याने मिर्नाचा हात असा आवळला होता की तिची बोटे पांढरी पडली होती.

शर्बेल आता शिव्या देत नव्हता, रडत होता. पाठीतून वाट मिळत नाही म्हटल्यावर तो चौकटीवरच्या उजव्या हातावर तुटून पडला. बोटांवर, सांध्यांवर, करवतीसारखे ओढत. धार नव्हती म्हणून कातडे चिरण्याऐवजी फाटत होते. रक्त चौकटीवरून ओघळून दाराच्या दगडावर पडत होते. हांबीसचा चेहरा राखेसारखा झाला. तो मिर्नाला म्हणाला, "पोरी, उत्तर दे. लवकर."

मिर्ना त्याच्या खांद्यावरून भावाच्या डोळ्यात बघत होती. ती मोठ्याने म्हणाली, "हो." आपल्या भाषेतही म्हणाली, भावाला कळावे म्हणून.

"आता तुम्ही कायद्याने पती-पत्नी आहात," एव्हान्थियाबाई म्हणाल्या आणि त्यांनी नोंदवही उचलली.

तेव्हा हांबीसने चौकट सोडली. तो मागे वळला आणि अख्ख्या अंगाने शर्बेलवर कोसळला. दोघेही व्हरांड्याच्या फरशीवर. सुरीचे टोक फऱ्यातच होते, उरलेली सुरी शर्बेलच्या हातात. तोवर बागेतले माळी, पाणीपट्टीचे कारकून, रस्त्यावरची माणसे धावून आली. हांबीसला बाजूला ओढले आणि शर्बेलला मारायला लागले. खुर्चीने, लाथांनी, नळीच्या पितळी तोंडाने. माळ्याने जबड्यावर घातली ती मला दिसली. दात फरशीवर उडाले. कुणाचाच हात थांबेना. हे लोक रोज माझ्याशी हवापाण्यावर बोलणारे, पगाराला रांगेत उभे राहणारे. एकजण त्याच्या गुडघ्यावर उड्या मारत होता.

हांबीस भिंतीला टेकून बसला होता. तो ओरडला, "पुरे. सोडा त्याला."

माळी म्हणाला, "याने तुला मारलं रे."

"सोयरा आहे माझा," हांबीस म्हणाला. "नवरीचा भाऊ आहे. मी तिचा कुंबारो. माझ्या सोयऱ्याला कुणी हात लावायचा नाही."

हे ऐकून माळ्याने नळी खाली टाकली. कुंबारोचा शब्द आमच्यात मोडता येत नाही.

रुग्णवाहिका यायला वेळ होता. एव्हान्थियाबाई नोंदवही घेऊन हांबीसजवळ फरशीवर बसल्या. त्यांनी कपाटातली झिवानिया त्याच्या हातावर ओतली, तेव्हा मात्र तो कळवळला. उजवा हात निकामी होता, म्हणून त्याने डाव्याने सही केली. पहिलीतल्या पोरासारखी, वाकडी. खाली मी केली. मिर्नाने फरशीवर बसून भावाच्या तोंडातले रक्त पुसायला ओढणी पुढे केली. त्याने तोंड फिरवले. तिने ओढणी त्याच्या छातीवर ठेवली आणि उठली.

पुढच्या आठवड्यात दाखल्यावर सगळे शिक्के झाले, त्यांच्या वकिलातीत नोंद झाली. मिर्नाचे नाव बापाच्या पानावरून निघाले. बापाने बैरूतच्या कोर्टात लग्नाला हरकत घेतली. त्याच्या वकिलाने पहिला प्रश्न विचारला, दार उघडे होते का. उत्तरादाखल एव्हान्थियाबाईंनी रक्त ओघळलेल्या चौकटीचा फोटो पाठवला, आणि लग्न टिकले. मिर्ना आणि वफीक माँट्रियलला त्याच्या मावशीकडे गेली. मागच्या ईस्टरला मिर्ना इथे येऊन गेली. हांबीसच्या घरी उतरली, हॉटेलात नाही. कुंबारोचे घर असताना हॉटेलात उतरणे हा अपमान झाला असता, हे तिला कुणी सांगावे लागले नाही.

हांबीसच्या हाताचे स्नायू जोडले, पण मूठ वळत नाही. सत्तूर उचलता येत नाही म्हणून त्याने दुकान सोडले. तिथे आता मोबाइल विकतात. त्याने पुढच्या फुटपाथवर खुर्ची टाकायचा हक्क मात्र सोडलेला नाही. साक्षीला अजून जातो, सही डाव्या हाताने. तूलीस सहा महिने त्याच्या नजरेला नजर देत नव्हता. एक दिवस हांबीसनेच त्याला हाक मारली, "ये रे, पांढरी फीत. कॉफी पी."

शर्बेलला चार वर्षे लागली. कोर्टात न्यायाधीशांनी हांबीसला विचारले, हेतू माहीत असताना हत्यार का विकले? हांबीस म्हणाला, "साहेब, तो घेणारच होता. मी फक्त दुकान निवडलं." वकील लोक हसले. न्यायाधीश हसले नाहीत, त्यांनी ते लिहून घेतले.

निकोसियाच्या तुरुंगात हांबीस त्याला भेटायला जाऊ लागला. त्या इमारतीत त्याने स्वतः आठ वर्षे काढलेली. पहिल्या खेपेला शर्बेल बाहेर आलाच नाही. दुसऱ्या खेपेला आला आणि थुंकला. हांबीस शेफ्तालियाचा, खिम्याच्या भाजलेल्या गोळ्यांचा, डबा पहारेकऱ्याकडे ठेवून परत आला. एका खेपेला मी बरोबर होतो. शर्बेलचा जबडा वाकडा जोडला गेला होता, बोलताना शब्द एका बाजूने यायचे. बराच वेळ तो डब्याकडे बघत होता.

मग म्हणाला, "सुटून गेलो की गाव मला खांद्यावर घेईल. बापाने निरोप पाठवलाय, मेंढा राखून ठेवलाय म्हणून."

"ठेवणारच," हांबीस म्हणाला. "बहीण जिवंत आहे तरी ठेवलाय, मेली असती तर दोन ठेवले असते."

शर्बेलने डबा स्वतःकडे ओढला.

"तो मेंढा खाऊ नकोस," हांबीस म्हणाला. "बाकी तुला जे करायचं ते कर."

उठताना शर्बेलने विचारले, "तू मला मोडकी सुरी दिलीस ना?"

"तू तरी पैसे कुठे दिलेस?"

तेव्हा तो हसला. वाकड्या जबड्याने, जरासा. म्हणाला, सुटलो की देतो.

२००९ मध्ये तो सुटला. पोलिसांनी त्याला तुरुंगाच्या दारातून थेट विमानतळावर नेले, आमच्या गावाकडे फिरकू दिले नाही. त्याने मेंढा खाल्ला की नाही हे मिर्नालाही माहीत नाही. तो गावात राहत नाही, एवढेच तिच्या कानावर आले आहे.

मी येत्या मार्चमध्ये निवृत्त होतो. लिरा जाऊन युरो आला, खजिन्याच्या सगळ्या जुन्या रकमा मी नव्या चलनात उतरवल्या. एक रक्कम खजिन्याची नव्हती, पण हांबीसने विचारले म्हणून तीही करून दिली. सुरीचे साडेचार लिरा, म्हणजे सात युरो एकोणसत्तर सेंट, अजून आलेले नाहीत.